‘नऊ लाख घ्या आणि विषय संपवा’ म्हणतायत, सही करू का?

पत्र (थोडं कापून):

ताई नमस्कार. मी भांडुपला राहतो, ब्लॉकवर्क आणि प्लास्टरची कामं घेतो. भायखळ्याला एका रिडेव्हलपमेंटच्या टॉवरवर मेन कॉन्ट्रॅक्टरकडून १ कोटी ४२ लाखांची वर्क ऑर्डर होती. ब्लॉक आणि सिमेंट कंपनीचं, वाळू, परांची, लेबर माझं. काम मे २०२५ मध्ये पुरं करून दिलं, सात महिने उशिरा, पण तो उशीर माझ्यामुळे नाही. माझे ३८ लाख अडकलेत. शेवटची दोन आरए (रनिंग अकाउंट, म्हणजे चालू कामाची) बिलं ११ लाख, रिटेन्शन (बिलांतून हमी म्हणून राखून ठेवलेले) ७.१ लाख, एक्स्ट्रा आयटमचे ९.४ लाख (प्लास्टर १२ मिमी धरला होता, करायला लागला २५-३० मिमी, शिवाय जाळी आणि हॅकिंग, म्हणजे काँक्रीटला टोचे मारणं) आणि लेबर बसून राहिलं त्याचे १०.५ लाख. कंपनीने उलट ७.१ लाख एलडी (उशिराचा दंड) लावलाय आणि सिमेंट जास्त वापरलं म्हणून २.३ लाखांची डेबिट नोट. आता अंधेरीच्या ऑफिसात बोलावून म्हणतात ९ लाखांचा चेक तयार आहे, ‘नो क्लेम’वर सही करा. दोन मुकादमांचे पैसे बाकी आहेत, रोज फोन येतो. मेहुणा म्हणतो पोलिसात जा, मित्र म्हणतो महारेराला जा, एक ओळखीचे वकील म्हणतात थेट एनसीएलटी (कंपन्यांच्या दिवाळखोरीचं न्यायाधिकरण). वर्क ऑर्डरमध्ये आर्बिट्रेशन (लवाद) आहे पण आर्बिट्रेटर कंपनीचे एमडी नेमणार. काय करू?

उत्तर:

दादा नमस्कार,

सही करू नका. पैसे घेऊ नका असं नाही म्हणत मी, पैसे जरूर घ्या, पण तो जो छापील कागद असतो ना, ‘आमचं कंपनीकडे कुठल्याही प्रकारचं येणं बाकी नाही’ वाला, त्यावर सही नको. एकदा ती झाली की पुढे कुठेही गेलात तरी पहिल्याच तारखेला समोरचा वकील तो कागद काढणार आणि म्हणणार की हिशेब मिटलाय, वादच शिल्लक नाही.

आता तुम्हाला कोणीतरी सांगेल की अहो सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की दबावाखाली घेतलेली नो क्लेम चालत नाही. बरोबर आहे, बोघरा पॉलिफॅबचा २००८ चा निकाल आहे, त्यात कोर्टाने मान्य केलंय की पैशाची नड असलेल्या माणसाकडून आधी छापील पावतीवर सही घेतात आणि मगच चेक देतात, अशा सहीने त्याचा हक्क आपोआप बुडत नाही. पण २०११ मध्ये मास्टर कन्स्ट्रक्शनच्या केसमध्ये त्याच कोर्टाने हेही सांगितलं की नुसतं ‘माझ्यावर दबाव होता’ म्हणून भागत नाही, दबावाचं काहीतरी दाखवायला लागतं. आणि लोक काय करतात, सही करतात, चेक वटवतात, सहा महिने गप्प बसतात आणि मग वकिलाकडे जातात. वरातीमागून घोडं. म्हणून म्हणते, आता तुमच्याकडे सही न करण्याची संधी आहे तर ती वापरा. आणि समजा उद्या मुकादमांनी खरंच दारात ठाण मांडलं आणि सही करावीच लागली तर त्याच संध्याकाळी कंपनीला मेल गेला पाहिजे की चेक अडवून ठेवल्यामुळे सही केली, क्लेम सोडलेले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच संध्याकाळी.

आता ९ लाखांचा आकडा आला कुठून ते बघू, कारण तुम्ही पत्रात तो असा लिहिलाय जसा काही घासाघीस करून आलाय. ११ लाखांची बिलं अधिक ७.१ रिटेन्शन, झाले १८.१. त्यातून ७.१ एलडी गेला, ११ उरले. २.३ सिमेंटचे गेले, ८.७. वरून गोल करून ९. म्हणजे तुमच्या एक्स्ट्राचा एक रुपया नाही, लेबरचा एक रुपया नाही, आणि एलडी नेमका तेवढाच जेवढं तुमचं रिटेन्शन आहे. ५ टक्के रिटेन्शन, ५ टक्क्यांची एलडीची कमाल मर्यादा, दोन्ही १ कोटी ४२ लाखांवर. हिशेब वगैरे काही केलेला नाही कोणी, हातात असलेलं रिटेन्शन परत द्यायचं नाही म्हणून समोर तेवढाच आकडा लिहिलाय. पण यातली चांगली बाजू बघा, या हिशेबाने कंपनी स्वतःच सांगतेय की ११ आणि ७.१ हे दोन आकडे तिला मान्य आहेत. हा हिशेब त्यांच्याकडून लेखी मागा. तोंडी सांगितलं असेल तर तुम्हीच मेल करा, ‘आजच्या मीटिंगमध्ये आपण असा असा हिशेब सांगितलात, काही चुकलं असेल तर कळवा’ एवढंच. भांडायचं नाही त्या मेलमध्ये.

तुमचे ३८ लाख एक रक्कम म्हणून बघणं आधी बंद करा. यात चार वेगवेगळे क्लेम आहेत आणि चारींचा जीव वेगवेगळा आहे. पत्र वाचून जाणवलं की तुम्हाला सगळ्यात जास्त झोंबलंय ते लेबर बसून राहिल्याचं, दोन पानं त्यावरच आहेत (मी कापली, माफ करा), आणि नेमका तोच क्लेम सगळ्यात कमजोर आहे. सिमेंटची डेबिट नोट तुम्ही एका ओळीत उडवलीत, आणि माझ्या मते तुमच्या हातात आलेला सगळ्यात चांगला कागद तोच आहे.

कसा ते सांगते. १:४ चा १२ मिमी प्लास्टर १०० चौरस मीटरला ढोबळमानाने १० गोण्या सिमेंट खातो. तोच २५ मिमी झाला की २० च्या आसपास जातो, साधं गणित आहे, जाडी दुप्पट माल दुप्पट. कंपनीने सिमेंटचा हिशेब जुळवताना १२ मिमीने थिअरॉटिकल कन्झम्प्शन (कागदावर किती लागायला हवं ते) काढलं असणार आणि स्टोअरमधून प्रत्यक्ष निघालेल्या गोण्या त्याच्याहून जास्त भरल्या म्हणून २.३ लाख तुमच्या डोक्यावर टाकले. पण गोण्या जास्त गेल्या कशा? एक तर तुम्ही चोरल्यात किंवा वाया घालवल्यात, नाहीतर भिंतीवर गेल्या. भिंतीवर गेल्या असतील तर प्लास्टर जाड झालाय हे कंपनी स्वतःच्या सहीने सांगतेय! एकीकडे म्हणायचं जाड प्लास्टर झालाच नाही, एक्स्ट्रा देणार नाही, आणि दुसरीकडे त्याच जाड प्लास्टरच्या सिमेंटचे पैसे कापायचे. तेव्हा त्या डेबिट नोटची जोडपत्रं मागा, मजलावार इश्यू स्लिपा मागा, आणि ज्या मजल्यांवर जाडी जास्त होती त्याच मजल्यांवर सिमेंट जास्त गेलंय का ते जुळवून बघा. जुळलं तर २.३ तर परत येतातच, शिवाय एक्स्ट्राचा अर्धा पुरावा फुकट मिळतो.

आता एक खोचक प्रश्न, रागावू नका, कारण मी नाही विचारला तरी त्यांचा बिलिंग इंजिनिअर विचारणारच. ब्लॉकवर्क कोणाचं होतं? तुमचंच. मग ब्लॉकची भिंत ओळंब्यात नसल्यामुळे प्लास्टर जाड झाला असेल तर ती जाडी तुमच्याच खात्यात जाते, त्याचे पैसे कोणी देणार नाही आणि खरं सांगायचं तर द्यायलाही नकोत. पण कॉलम, बीम, शिअर वॉल आणि सीलिंग हे आरसीसीवाल्याचं काम. तिथे शटरिंग फुगलं, कॉलम २० मिमी बाहेर आला, आणि ब्लॉकची भिंत त्याच्या लेव्हलला आणायची म्हणून तुम्हाला पूर्ण भिंतभर जाड मारायला लागलं, हे तुमचं एक्स्ट्रा. हॅकिंग तर फक्त आरसीसीवरच होतं, आणि जाळी मुख्यतः ब्लॉक-आरसीसीच्या सांध्यावर, पण ती बीओक्यूत (वर्क ऑर्डरच्या आयटम-दरांच्या यादीत) प्लास्टरच्या आयटममध्येच धरलेली नाही ना तेवढं वाचून घ्या, बऱ्याचदा ‘कम्प्लीट इन ऑल रिस्पेक्ट्स’ अशा वाक्यात ती लपलेली असते. तेव्हा ९.४ लाख सरसकट न मागता भिंतीभिंतीने वेगळे करा. आकडा ६ वर आला तरी चालेल, तो ६ टिकणारा असेल. फुगवलेल्या क्लेमचं नुकसान असं की त्यातली एक खोटी भिंत सापडली की समोरचा बाकीच्या सगळ्या भिंतींवर संशय घेतो, आर्बिट्रेटरसुद्धा माणूसच असतो.

लेखी ऑर्डर नाहीये एक्स्ट्राची, प्रोजेक्ट मॅनेजरने तोंडी सांगितलं, असं तुम्ही लिहिलंय. हे मुंबईतल्या दहापैकी नऊ साइटवरचं रडगाणं आहे. कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट १८७२ च्या कलम ७० मध्ये याला थोडा आधार आहे, फुकट करायच्या हेतूने न केलेलं काम समोरच्याने स्वीकारलं, त्याचा फायदा घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. बी. के. मंडल नावाच्या कॉन्ट्रॅक्टरची जुनी केस आहे पश्चिम बंगाल सरकारविरुद्धची, सरकारने काम करून घेतलं, वापरलं, आणि नंतर म्हणालं की ज्या अधिकाऱ्याने सांगितलं त्याला अधिकारच नव्हता. सुप्रीम कोर्टाने पैसे द्यायला लावले. पण फार हुरळून जाऊ नका, तुमच्या बाबतीत वर्क ऑर्डर आहे, प्लास्टरचा आयटमही तिच्यात आहे, त्यामुळे कंपनी म्हणेल की हे कॉन्ट्रॅक्टमध्येच येतं, कलम ७० लागतच नाही. म्हणून तोंडी सूचनेचा कुठलाही माग सापडतो का बघा. साइट ऑर्डर बुक, सॅम्पल फ्लॅटच्या वेळचे मेसेज, ‘मेश कब लगा रहे हो’ असा प्रोजेक्ट मॅनेजरचा व्हॉट्सॲप. हा एवढासा मेसेज पुष्कळ काम करतो.

व्हॉट्सॲपवरून आठवलं, फोन बदलू नका आणि ते ग्रुप सोडू नका. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवीन कायदा लागू आहे, भारतीय साक्ष्य अधिनियम, त्याच्या कलम ६३ प्रमाणे असे मेसेज कोर्टात द्यायचे तर सोबत दोन भागांचं सर्टिफिकेट लागतं, एक भाग तुम्ही भरायचा आणि एक तज्ज्ञाने, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू पण द्यायची असते. आर्बिट्रेशनमध्ये पुरावा कायदा तितका काटेकोर लागत नाही पण तरी करून ठेवा, स्क्रीनशॉटचा गठ्ठा घेऊन गेलं की समोरचा म्हणणारच, एडिट केलंय.

आता तुमचे १०.५ लाख. तुमच्या तक्त्यात तीन कारणं दिसतात, होइस्ट (माल वर न्यायची लिफ्ट) बंद असणं (४ लाख), ड्रॉइंग उशिरा आणि बदललेली (३ लाख), आणि प्रदूषणामुळे पालिकेने काम थांबवलं तो काळ (३.५ लाख). हा शेवटचा आधी बाजूला काढा. ३० डिसेंबर २०२४ ला पालिकेने भायखळा आणि बोरिवली पूर्व इथली सगळी बांधकामं थांबवायला सांगितली, हवा वाईट म्हणून, हे जगजाहीर आहे. त्यात कंपनीची चूक नाही, तुमचीही नाही. बहुतेक वर्क ऑर्डरमध्ये अशा सरकारी बंदीला मुदतवाढ मिळते, पैसे मिळत नाहीत. त्यामुळे ते ३.५ लाख सोडा, पण सोडताना त्याच्या बदल्यात दिवस मागा, कारण एलडी दिवसांवर लागतो. पैशाचा क्लेम म्हणून ती बंदी निकामी आहे पण एलडी खोडायला एकदम कामाची, आणि ती नाकारायची सोय कंपनीला नाही कारण त्यांनी स्वतः डेव्हलपरकडे त्याच दिवसांची मुदतवाढ मागितली असणार. ते पत्र मागा त्यांच्याकडे. देणार नाहीत, पण मागितल्याची नोंद होते आणि पुढे आर्बिट्रेटरसमोर हजर करायला लावता येतं.

होइस्ट आणि ड्रॉइंग या दोन्हीत चूक कंपनीची, तिथे पैसे मागता येतात. पण कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम ५५ नावाचा एक काटा आहे. समोरच्याने वेळ पाळली नाही आणि तुम्ही तरीही काम चालू ठेवलंत, तर नुकसानभरपाई मागायची तर तेव्हाच नोटीस द्यायला पाहिजे होती की आम्ही पुढे करतोय पण भरपाई मागणार आहोत. तुमचे ऑक्टोबरचे दोन मेल आहेत, ‘लेबर बसून आहे, होइस्ट चालू करा’. त्यात भरपाईचा शब्द नाही पण काहीच नसण्यापेक्षा बरंच बरं. त्या दोन मेलच्या आगेमागे जे दिवस येतात त्यांचाच क्लेम धरा, बाकी सोडा. आणि ‘२६ माणसं बसली’ हे सिद्ध करायला हजेरी बुक लागेल, सही असलेलं, गेट रजिस्टरशी जुळणारं. होइस्ट बंद असताना ही माणसं खालच्या मजल्यांवर काम करत नव्हती का, हे पण विचारतील. तुमच्या आरए बिलात त्याच महिन्यात दुसऱ्या ते पाचव्या मजल्याचं प्लास्टर दिसत असेल तर पंचाईत. बिल काढून बघा आजच.

एलडी. वर्क ऑर्डरमध्ये आठवड्याला अर्धा टक्का, कमाल ५ टक्के असं आहे, बरोबर. पण ‘लिहिलंय म्हणून कापलं’ असं नसतं. त्याच ॲक्टच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा, मिळते ती वाजवी भरपाई, आणि कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध डीडीए या २०१५ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलंय की नुकसान झालेलंच नसेल तर भरपाई कसली. जिथे नुकसान मोजता येणं शक्य आहे तिथे ते दाखवायला लागतं. मग विचारा, डेव्हलपरने तुम्हाला एलडी लावला का? किती? त्यात प्लास्टरचा वाटा किती? काम चालू असताना सात महिन्यांत एलडीचं एकही पत्र आलं नाही, फायनल बिलाच्या वेळी अचानक उगवलं, हेही लिहा. माझ्या अनुभवात एलडी हा वसूल करायला कमी आणि सौदा करायला जास्त लावतात.

रिटेन्शनचं वेगळं सांगायला नको, फक्त वर्क ऑर्डरमध्ये डिफेक्ट लायबिलिटी (कामातले दोष तुम्ही दुरुस्त करून द्यायची मुदत) कधीपासून मोजायची ते वाचा. तुमचं काम संपल्यापासून की टॉवरला ओसी (राहायला परवानगी) मिळाल्यापासून? दुसरं असेल तर अर्धं रिटेन्शन आत्ता मागणं घाईचं ठरू शकतं, आणि त्यांचा वकील तेवढं नक्की बोलेल.

आणि तुम्ही नाही म्हटलंत की काय होईल तेही सांगून ठेवते, ११ लाखांची बिलं ‘रीचेक’ला जातील. मेजरमेंट कापायला सुरुवात होईल, आणि पहिली कात्री खिडक्या-दरवाजांवर चालते. आयएस १२०० मध्ये प्लास्टरची मोजणी कशी करायची ते दिलेलं आहे, अर्धा चौरस मीटरपर्यंतचं ओपनिंग वजाच करायचं नाही (म्हणजे तुमचे टॉयलेटचे छोटे व्हेंटिलेटर), आणि अर्धा ते ३ चौरस मीटरपर्यंत दोन्ही बाजूंना सारखाच प्लास्टर असेल तर एकाच बाजूची वजावट. ०.९ बाय २.१ चा बेडरूमचा दरवाजा १.८९ चौरस मीटर भरतो, म्हणजे एकच बाजू. दोन्ही बाजू कापलेल्या दिसल्या तर बोट ठेवा. अर्थात वर्क ऑर्डरमध्ये मोजणीची वेगळी पद्धत लिहिली असेल तर ती आधी.

बिलं त्यांनी स्वीकारली होती याचे पुरावे तुमच्या सीएकडे पडून असतील, विचारलंय का त्याला? २६एएस (तुमच्या नावे कापलेल्या टीडीएसचं आयकराचं स्टेटमेंट) काढा. त्या दोन बिलांवर १९४सी चा (कॉन्ट्रॅक्टरच्या बिलावरचा) टीडीएस कापलेला दिसला तर कंपनीने ती रक्कम स्वतःच्या पुस्तकात तुमच्या नावे जमा धरलीय. एवढ्याने केस जिंकता येत नाही पण ‘बिल पास नव्हतं’ म्हणताना त्यांची जीभ अडखळते. तसंच जीएसटीचं. तुम्ही इनव्हॉइस अपलोड केलं असेल आणि त्यांनी त्यावर क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलं असेल, तर १८० दिवसांत तुम्हाला पैसे न दिल्यास ते क्रेडिट व्याजासकट उलटवायला लागतं. तुमचं उद्यम (छोट्या उद्योगांचं) रजिस्ट्रेशन असेल तर आणखी एक, १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ४३बी(एच), मायक्रो आणि स्मॉल उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्च धरता येत नाही. या तीन गोष्टी प्रोजेक्ट मॅनेजरला सांगून उपयोग शून्य, त्याच्या डोक्यावरून जातील. त्यांच्या अकाउंट्सला मेल करा, एकदम सभ्य भाषेत, ‘आपल्याकडे क्रेडिट घेतलं आहे का ते कळवावे’. अकाउंट्सवाले घाबरतात तसे साइटवाले घाबरत नाहीत.

आता कुठे जायचं. पोलिसात नको. काम दिलं, कोटीभर रुपये दिले, शेवटचे अडवले, यात फसवणुकीचा गुन्हा दिसत नाही आणि दिवाणी भांडणाला फौजदारी रंग देऊ नका असं सुप्रीम कोर्ट परत परत सांगतंय. महारेरा मुळात फ्लॅट घेणाऱ्यांसाठी आहे, सबकॉन्ट्रॅक्टरची बिलं वसूल करायला नाही. एनसीएलटीला २०२० पासून किमान १ कोटीची थकबाकी लागते, तुमची ३८ लाख, शिवाय आधीपासून वाद आहे म्हटलं की तिथे दार बंद, हे त्या वकिलांना माहीत असायला हवं होतं. डेव्हलपरला पत्राची कॉपी पाठवायला हरकत नाही, त्याने थोडा दबाव येतो, पण तुमचा करार त्याच्याशी नाही तेव्हा त्याच्याकडून पैशाची अपेक्षा नको.

एमएसएमईची (छोट्या उद्योगांची थकबाकी वसूल करायची) फॅसिलिटेशन कौन्सिल ऐकायला फार गोड आहे, ४५ दिवसांची मुदत, बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, आणि निकालाला आव्हान द्यायचं तर कंपनीला आधी ७५ टक्के रक्कम भरायला लागते. पण दोन अडचणी आहेत. रजिस्ट्रेशन काम घेण्याच्या आधीचं लागतं असा २०२१ चा सिल्पी इंडस्ट्रीजचा निकाल कंपनी दाखवेल, आणि तुमच्यासाठी जास्त मोठी अडचण म्हणजे वर्क्स कॉन्ट्रॅक्ट या कायद्यात बसत नाही असं बॉम्बे हायकोर्टाने निकालांत म्हटलेलं आहे. तुमची ऑर्डर माल आणि मजुरी एकत्र अशीच आहे. तिथे दोन वर्षं घालवून मग कळलं की जागा चुकली, तर आगीतून फुफाट्यात.

म्हणून आर्बिट्रेशनच. एमडी आर्बिट्रेटर नेमणार या ओळीची भीती बाळगू नका, २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालानंतर निकालात ज्याचा स्वार्थ आहे त्याला एकट्याने आर्बिट्रेटर नेमता येत नाही. आर्बिट्रेशन ॲक्टच्या कलम २१ ची (आर्बिट्रेशन सुरू करतोय असं कळवणारी) नोटीस द्या, तीन स्वतंत्र नावं सुचवा, ३० दिवसांत एकमत झालं नाही तर कलम ११ खाली हायकोर्टात अर्ज. खर्चाचा अंदाज हवा तर, कायद्याच्या चौथ्या शेड्यूलप्रमाणे ३० लाखांच्या क्लेमला फी १ लाख २७ हजार ५००, एकटा आर्बिट्रेटर असला की वर २५ टक्के, म्हणजे १ लाख ६० हजारांच्या घरात, साधारण निम्मी निम्मी. वकील वेगळा, कंपनीने काउंटरक्लेम टाकला तर त्याची फी वेगळी. वेळ म्हणाल तर कागदोपत्री दीडेक वर्ष, नंतर ते निकालाला आव्हान द्यायला कलम ३४ खाली कोर्टात जाणार, तेव्हा तीन-चार वर्षांची मनाची तयारी ठेवा. मुदतीची काळजी आत्ता नाही, काम झाल्यापासून तीन वर्षं, म्हणजे मे २०२८ च्या आत नोटीस गेली पाहिजे. ‘पुढच्या महिन्यात करतो’ वर विसंबून तिथपर्यंत बसू मात्र नका.

पण आधी मीटिंगला जा. नोटीसचा ड्राफ्ट खिशात ठेवून जा, आणि एकटे जाऊ नका, ज्याला तुमची एमबी (मेजरमेंट बुक, मोजणीची वही) पाठ आहे असा माणूस सोबत न्या. मागणी दोन भागांत ठेवा. मान्य असलेले १८.१ लाख आधी द्या, पावती ‘चालू बिल आणि रिटेन्शनपोटी, बाकीचे क्लेम कायम ठेवून’ अशी देतो. एलडी, सिमेंट, एक्स्ट्रा यावर वेगळं बोलू. ते म्हणतील सगळं एकत्रच होणार, सही असेल तरच. मग तुमचा आकडा २५, आणि २० ते २१ ला ३० दिवसांत एकरकमी मिळत असतील, डेबिट नोट आणि एलडी लेखी रद्द होत असेल, तर घ्या आणि तेव्हा खुशाल फुल अँड फायनलवर सही करा. आर्बिट्रेशनमध्ये तुम्हाला २४-२५ मिळतील असं मला वाटतं पण ते चार वर्षांनी, वकिलाचे वजा करून. १८ च्या खाली मात्र नको. पोस्टडेटेड चेक देतो म्हणाले तर सही शेवटचा चेक वटल्यावर, आधी नाही.

मुकादमांना यातलं काही सांगत बसू नका, त्यांना तुमच्या एलडीशी काय देणंघेणं. १८ मधला पहिला पैसा त्यांचा, तारीख सांगा आणि पाळा, कारण उद्या हजेरी बुकावर साक्ष द्यायला तुम्हाला त्यांचीच गरज लागणार आहे.

आणि साइट ऑफिस अजून उभं आहे म्हणालात ना? एमबीची सगळी पानं, साइट ऑर्डर बुक आणि होइस्टचं लॉगबुक, तिन्हीचे फोटो या आठवड्यात काढून आणा. नाही म्हटल्याचा मेल त्यानंतर पाठवा.